निकाल कामगाराचा, तारीख मालकाची!

नोकरीवरून काढलेला माणूस न्यायालयात जिंकतो तेव्हा त्याच्या घरी पेढे वाटले जातात. आप्त, शेजारी, कार्यकर्ते येऊन अभिनंदन करतात. सत्याचा विजय झाला, असे सर्वांना वाटते. परंतु त्याच दिवशी मालकाच्या कचेरीत काय चाललेले असते? तेथे निकालाची प्रमाणित प्रत मागवली जाते, मोठ्या वकिलाला फोन जातो आणि उच्च न्यायालयात जाण्याची तयारी सुरू होते. कामगाराला वाटते लढाई संपली. मालकाला ठाऊक असते की खरी लढाई आता सुरू होणार आहे आणि तिच्यात कायद्यापेक्षा काळ मोठा वकील आहे.

बेकायदेशीर बडतर्फीविरुद्धच्या निकालावर मालक जे अपील करतो, त्याबद्दल आमच्या चळवळीत फारसे बोलले जात नाही. अन्याय झाला की आम्ही मोर्चा काढतो, निवेदन देतो, धरणे धरतो. खालच्या न्यायालयात दावा दाखल होईपर्यंत कार्यकर्ता सोबत असतो. पण निकालानंतरच्या पाच-सात वर्षांत तो माणूस एकटा पडतो. या एकटेपणाचा हिशेब मालकाने आधीच मांडलेला असतो. म्हणून या विषयाचा मुळापासून विचार करण्याची गरज आहे.

औरंगाबादचे (आताचे छत्रपती संभाजीनगर) एक प्रकरण पाहा. एका कुटुंबाच्या ताब्यातील संस्थेची प्राथमिक शाळा. शासनाचे अनुदान होते आणि त्यात इमारतीचे भाडेही मिळत होते. इमारत त्याच कुटुंबातील एकाची होती. २००५ साली महानगरपालिकेने या जागेवर व्यावसायिक दराने सुमारे ८० हजार रुपयांच्या कराचे बिल पाठवले. हे बिल कोणी भरायचे? जागेचे भाडे जो खातो त्याने, असे कोणीही शहाणा माणूस म्हणेल. पण संस्थेच्या अध्यक्षा असलेल्या मुख्याध्यापिकेने फर्मान काढले की प्रत्येक कर्मचाऱ्याने आपल्या पगारातून दरमहा १,५०० रुपये द्यावेत. मालमत्ता मालकाची, कर मात्र शिक्षकांच्या खिशातून! एका शिक्षिकेने नकार दिला. एवढाच तिचा गुन्हा.

मग सुरू झाला तो खेळ, जो खासगी शाळांतील प्रत्येक शिक्षकाला तोंडपाठ आहे. एकामागून एक मेमो आले. दोन-चार नव्हे, तब्बल २५! प्रत्येक मेमोला त्या बाईंनी उत्तर दिले. १४ नोव्हेंबर २००६ रोजी त्यांना निलंबित करण्यात आले. शिक्षणाधिकाऱ्यांनी त्या निलंबनाला मान्यता दिली नाही, तरी संस्थेने त्यांना शाळेत येऊ दिले नाही आणि पगारही दिला नाही. चौकशी समितीने एकतर्फी चौकशी उरकली आणि जून २००७ मध्ये सेवा समाप्त करण्यात आली.

त्या शाळा न्यायाधिकरणात गेल्या. २००९ साली न्यायाधिकरणाने संस्थेचा आदेश रद्द केला, कामावर परत घ्या आणि मागील पूर्ण पगार द्या, असे सांगितले. महाराष्ट्राच्या १९७७च्या खासगी शाळा कर्मचारी (सेवाशर्ती) अधिनियमात स्पष्ट लिहिले आहे की न्यायाधिकरणाचा निर्णय अंतिम आणि दोन्ही पक्षांवर बंधनकारक राहील. अंतिम! हा शब्द वाचून सामान्य शिक्षकाला वाटते की आता वर कोणी नाही. पण राज्यघटनेने उच्च न्यायालयाला दिलेला अधिकार कोणत्याही साध्या कायद्याने काढून घेता येत नाही. त्यामुळे 'अपील नाही' असे कायदा म्हणत असला, तरी रिट याचिकेच्या रूपाने अपीलाचे सारे काम होते. संस्था उच्च न्यायालयात गेली.

उच्च न्यायालयाने काय केले? सेवासमाप्ती बेकायदेशीर आहे, हे मान्य केले. पण मागील पगाराचा आदेश मात्र रद्द केला. याचा अर्थ नीट समजून घ्या. तुम्हाला चुकीने काढले हे खरे, तुम्ही परत कामावर जा हेही खरे, पण मधल्या वर्षांत तुमचे घर कसे चालले, मुलांची फी कशी भरली, दुकानदाराची उधारी कशी फेडली, याच्याशी ज्याने काढले त्याचा काही संबंध नाही!

यातले गणित बघा. समजा एखाद्याचा पगार महिना १० हजार रुपये आहे आणि प्रकरण सहा वर्षे चालले. बहात्तर महिन्यांचे ७ लाख २० हजार रुपये होतात. मागील पगार नाकारला गेला की ही सगळी रक्कम मालकाच्या तिजोरीत राहते. म्हणजे ज्याने बेकायदा कृत्य केले, त्यालाच त्या कृत्यातून बचत झाली. आणि खटला जितका लांबेल तितकी ही बचत वाढत जाणार. मग मालकाने खटला का लांबवू नये? वकिलाची फी देऊनही तो नफ्यात राहतो. कामगार मात्र जिंकूनही कर्जबाजारी होतो.

हे गणित सर्वोच्च न्यायालयाने ओळखले. १२ ऑगस्ट २०१३ रोजी न्या. जी. एस. सिंघवी आणि न्या. व्ही. गोपाल गौडा यांच्या खंडपीठाने त्या शिक्षिकेचे अपील मान्य केले आणि न्यायाधिकरणाचा आदेश पुन्हा जिवंत केला. चार महिन्यांत पूर्ण मागील पगार द्या, न दिल्यास निलंबनाच्या तारखेपासून ९ टक्के व्याज द्यावे लागेल, असा आदेश संस्थेला दिला. हा निकाल (२०१३) १० एस.सी.सी. ३२४ येथे छापलेला आहे. कार्यकर्त्यांनी हा क्रमांक वहीत टिपून ठेवावा. शंभर निवेदनांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

या निकालाने काय सांगितले ते साध्या भाषेत असे. बडतर्फी बेकायदा ठरली तर सेवासातत्यासह कामावर परत घेणे आणि मागील पगार देणे, हा सर्वसाधारण नियम आहे. कर्मचाऱ्याने एवढे सांगायचे की या काळात मला दुसरी नोकरी नव्हती, किंवा कमी पगाराचे काम होते. त्यानंतर तो कमावत होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येते. खटला लांबला, याची शिक्षा कर्मचाऱ्याला देता येणार नाही, कारण बहुतेक वेळा त्या विलंबाला तो जबाबदार नसतो. मालक पैशाच्या बळावर उत्तमातला उत्तम वकील उभा करू शकतो, कर्मचाऱ्याला ती चैन परवडत नाही. अशा स्थितीत मागील पगार नाकारणे म्हणजे कर्मचाऱ्याला आडमार्गाने शिक्षा आणि मालकाला त्याच्या चुकीचे बक्षीस!

हा विचार काही २०१३ साली आकाशातून पडला नव्हता. १९७८ साली हिंदुस्थान टिन वर्क्सच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने याच दिशेने निकाल दिला होता. पण उदारीकरणाचे वारे वाहू लागले आणि वातावरण बदलले. २००५ नंतरच्या काही निकालांत सूर असा लागला की मागील पगार आपोआप मिळत नाही, काम केले नाही तर पगार कसला? आम्ही विचारतो, काम केले नाही की करू दिले नाही? दाराला कुलूप मालकाने लावायचे आणि आत का आला नाहीस म्हणून मजुरी कापायची, हा कुठला न्याय? २०१३च्या निकालाचे महत्त्व हे की त्याने जुन्या मोठ्या खंडपीठाचा मार्ग पुन्हा दाखवला.

आता कारखान्यातल्या कामगाराचे पाहू. अपीलाच्या काळात कामगाराने खायचे काय, या प्रश्नाला कायद्याने एक उत्तर दिले होते. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९८२ साली दुरुस्ती करून कलम १७-ब घालण्यात आले आणि ते ऑगस्ट १९८४ पासून लागू झाले. कामगार न्यायालयाने कामावर परत घेण्याचा निवाडा दिला आणि मालक त्याविरुद्ध उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात गेला, तर प्रकरण चालू असेपर्यंत कामगाराला शेवटचा पूर्ण पगार द्यावा लागेल, असे हे कलम सांगत होते. अट एकच. या काळात आपण कोठेही नोकरीत नाही, असे प्रतिज्ञापत्र कामगाराने द्यायचे. पुढे मालक जिंकला तरी ही रक्कम परत मागता येत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने १९९०च्या दशकात देना बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केले.

पण त्याच निकालात एक मेख आहे. शेवटचा पगार म्हणजे काढले त्या दिवशी हातात येणारा पगार, आज त्या पदाला मिळणारा पगार नव्हे. समजा २००५ साली काढलेल्या कामगाराला तेव्हा ६ हजार मिळत होते. २०१५ सालीही प्रकरण चालूच असेल तर त्याला दरमहा ६ हजारच मिळणार. दरम्यान डाळ, तेल, घरभाडे, बसचे तिकीट यांचे भाव कोणत्या न्यायालयाने स्थगित केले होते काय?

१९४७चा तो कायदा आता राहिलेला नाही. २०२०ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. अपीलाच्या काळात पूर्ण पगार देण्याची तरतूद या संहितेतही ठेवली आहे, एवढे समाधान. पण दुसरीकडे, बडतर्फ कामगाराला न्यायाधिकरणाकडे थेट अर्ज करण्यासाठी पूर्वी तीन वर्षांची मुदत होती, ती आता दोन वर्षांवर आली आहे. कामगार न्यायालयाच्या जागी दोन सदस्यांचे औद्योगिक न्यायाधिकरण आणले असून त्यातला एक सदस्य न्यायिक आणि दुसरा प्रशासकीय असणार आहे. अपील करणाऱ्या मालकाचा वेळ कोणी कमी केला नाही, दाद मागणाऱ्या कामगाराचा वेळ मात्र कमी झाला. ज्याला कायद्याची माहितीच उशिरा मिळते, त्याचेच यात नुकसान आहे.

आणि शिक्षकाचे काय? गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की शिक्षक हा त्या कायद्याच्या अर्थाने 'कामगार' नाही. त्यामुळे १७-ब चे संरक्षण त्याला कधी मिळालेच नाही. आमच्या समाजातील पहिल्या पिढीतला शिकलेला मुलगा बहुधा शिक्षक झाला. राखीव जागेवर, खासगी अनुदानित संस्थेत, मुलाखतीपासूनच संस्थाचालकाच्या डोळ्यात खुपत तो नोकरीला लागला. त्याने वर्गणी नाकारली, बदलीचा जाब विचारला, बढतीत बिंदुनामावली दाखवा म्हणाला की मेमोचा पाऊस सुरू होतो. त्याला काढले आणि तो न्यायाधिकरणात जिंकला, तरी संस्था उच्च न्यायालयात असताना त्याच्या चुलीची हमी देणारे कलम नाही. ते सर्व न्यायालयाच्या अंतरिम आदेशावर अवलंबून राहते. कारखान्यातल्या मजुराला जे कायद्याने दिले, ते शाळेतल्या मास्तरला आणि शिपायाला का देऊ नये? १९७७च्या अधिनियमात अशी दुरुस्ती करा, ही मागणी शिक्षक संघटनांनी आणि आमच्या लोकप्रतिनिधींनी विधिमंडळात लावून धरली पाहिजे.

काही मंडळी विचारतील, मग मालकाने अपील करूच नये काय? तसे आम्ही मुळीच म्हणत नाही. अपीलाचा हक्क दोघांचाही आहे. औरंगाबादच्या त्या शिक्षिकेला शेवटी न्याय मिळाला तो अपीलामुळेच. खालच्या न्यायालयातही माणसेच बसतात, चूक होऊ शकते. प्रश्न शिडी असण्याचा नाही. प्रश्न असा आहे की त्या शिडीच्या प्रत्येक पायरीवर थांबायला कोणाला परवडते? एकलपीठ, मग खंडपीठ, मग दिल्ली. प्रत्येक पायरीवर स्थगितीचा अर्ज. मालक तेथे संस्थेच्या किंवा कंपनीच्या पैशाने उभा असतो, स्वतःच्या नव्हे. कामगार उभा असतो तो बायकोचे मंगळसूत्र गहाण टाकून. हक्क समान आहे, हे कागदावर खरे आहे. पण असमान माणसांना समान थांबायला लावणे ही समता नव्हे.

बाबासाहेबांना हे पुरते ठाऊक होते. १९३८ साली मुंबई विधिमंडळात कामगारांच्या संपाच्या हक्कावर बंधने घालणारे औद्योगिक कलहाचे विधेयक आले, तेव्हा ते त्याविरुद्ध उभे राहिले आणि ७ नोव्हेंबर १९३८ च्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष अग्रभागी होता. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांनी मजूर खाते सांभाळले. १९४७च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी एक मूलभूत मुद्दा मांडला. उपासमारीची भीती असलेला माणूस नोकरी टिकवण्यासाठी आपले मूलभूत हक्कही सोडून देतो, म्हणून केवळ हक्क लिहून भागत नाही, पोटाची हमीही हवी. हा मुद्दा आमच्या आजच्या विषयाला तंतोतंत लागू पडतो. संपाचे हत्यार कामगाराच्या हातून काढून घ्यायचे, 'रस्त्यावर येऊ नकोस, कायद्याकडे जा' असे त्याला सांगायचे, आणि कायद्याकडे गेल्यावर दहा वर्षे बसवून ठेवायचे! मग त्याने जायचे तरी कोठे?

नागरिकाला सत्तेपुढे उभे राहता यावे म्हणून घटनेने रिटचा मार्ग दिला. आज त्याच मार्गाने एखादा शिक्षणसम्राट आपल्याच शाळेतल्या शिपायाविरुद्ध जातो. यात घटनेचा दोष नाही. दोष आमच्या बेसावधपणाचा आहे, कारण त्याच घटनेत आणि कायद्यात बचावाची साधनेही आहेत. ती आम्ही वापरत नाही.

ती साधने कोणती? निकाल आपल्या बाजूने लागताच त्याच आठवड्यात उच्च न्यायालयात कॅव्हेट दाखल करावे, म्हणजे आपल्याला न ऐकता स्थगिती मिळवणे मालकाला कठीण जाते. कॅव्हेटची मुदत ९० दिवसांची असते, ती संपण्यापूर्वी नवे दाखल करावे. तरीही एकतर्फी स्थगिती मिळालीच, तर घटनेच्या अनुच्छेद २२६(३) खाली ती उठवण्याचा अर्ज करता येतो आणि उच्च न्यायालयाने तो दोन आठवड्यांत निकाली काढावा, असे घटनाच सांगते. स्थगिती द्यायचीच असेल तर मागील पगाराची रक्कम मालकाने आधी न्यायालयात जमा करावी, अशी अट मागावी. बेरोजगारीचे प्रतिज्ञापत्र पहिल्या दिवसापासून तयार ठेवावे आणि ते खरे असावे. मधल्या काळात मजुरी केली असेल तर ती लपवू नये, कमी कमाईने हक्क बुडत नाही, खोटेपणाने बुडतो.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून घरी बसणाऱ्यांनी विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ चे कलम १२ वाचावे. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री आणि औद्योगिक कामगार यांना मोफत विधी सहाय्याचा हक्क आहे आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुक्यापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत या समित्या आहेत. ही भीक नव्हे, घटनेच्या अनुच्छेद ३९-अ मधून आलेला हक्क आहे. तो मागताना लाजण्याचे कारण नाही.

आणखी एक सावधगिरी. अपील दाखल झाले की काही महिन्यांनी मालकाचा माणूस घरी येतो. कधी तो आपल्याच समाजातला असतो. "भाऊ, किती वर्षे लढणार? एवढे घ्या आणि मिटवा," असे म्हणतो. तडजोड वाईटच असते असे नाही. पण ती उपाशीपोटी, एकट्याने, वकिलाला आणि संघटनेला न विचारता करू नये. मालक जी रक्कम पुढे करतो, तिच्या शेजारी बहात्तर महिन्यांचा हिशेब लिहावा, मगच सही करावी.

पण हे सारे एकट्या माणसाने करायचे काय? येथेच चळवळीची कसोटी आहे. जयंतीच्या वर्गणीतून प्रत्येक शहरात एक छोटा न्याय निधी उभारता येणार नाही काय? आज तालुक्या-तालुक्यात आमचे वकील आहेत. त्यांनी वर्षाला दोन प्रकरणे बिनफीची चालवली तर किती घरे वाचतील? कर्मचारी संघटनांच्या अधिवेशनात ठराव होतात, भोजन होते, स्मरणिका निघते. त्याच अधिवेशनात, आपला कोणता सदस्य खाली जिंकून उच्च न्यायालयात अडकला आहे, याची यादी वाचली जावी. त्याच्या तारखेला दोन माणसे कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसली, तरी त्याला हत्तीचे बळ येते आणि समोरच्या पक्षालाही कळते की हा एकटा नाही.

मालकाचा सगळा डाव एका गृहीतावर उभा असतो की हा माणूस थकेल. कायदा त्याच्या बाजूने नसतो, पुरावा नसतो, खालच्या न्यायालयाने तर त्याला चूक ठरवलेलेच असते. त्याच्याकडे उरतो तो फक्त वेळ. तो वेळ काढण्याची ताकद समाजाने आपल्या माणसाला दिली, तर अपीलाची धमकी ही धमकी राहणार नाही. औरंगाबादच्या त्या शिक्षिका १,५०० रुपयांसाठी वाकल्या नाहीत आणि २५ मेमोंपुढेही नमल्या नाहीत. त्यांच्या चिकाटीने मिळालेला निकाल आज राज्यातल्या प्रत्येक बडतर्फ कर्मचाऱ्याच्या उपयोगाचा आहे. तो वापरणे आता आपल्या हातात आहे.

जयभीम!